किल्ल्याच्या आतलं अंताल्या: ऑक्टोबरमधले पाच दिवस

तुर्कस्तानातल्या अंताल्याला उतरणारे बहुतेक प्रवासी विमानतळावरून थेट लारा किंवा बेलेककडच्या मोठ्या हॉटेलांत जातात. मनगटावर पट्टी बांधली की तीन वेळचं जेवण आणि पोहण्याचा तलाव तिथेच मिळतो, आणि आठवडा संपतो. खरं शहर त्या हॉटेलांपासून लांब, समुद्रावर उभ्या असलेल्या कड्याच्या माथ्यावर, जुन्या तटबंदीत आहे. त्या भागाचं नाव कालेइची. ‘काले’ म्हणजे किल्ला आणि ‘इची’ म्हणजे आत. आपला ‘किल्ला’ आणि त्यांचा ‘काले’ दोन्ही एकाच अरबी शब्दाचे. मुक्काम इथेच करावा, हे आधीच ठासून सांगतो. सकाळी दगडांकडे जायचं आणि संध्याकाळी समुद्राकडे यायचं, हा क्रम इथूनच जमतो.

व्हिसाबद्दल थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा अथवा निवासपरवाना असेल तर तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळू शकतो. नसेल तर अर्ज करून पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा घ्यावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून तिकिटांआधी हे काम. मुंबईहून इस्तंबूल, तिथून सव्वा तासात अंताल्या.

दिवस पहिला: तटबंदीच्या आत

ट्रामचं स्टेशन विमानतळाच्या टर्मिनल एकजवळ आहे. टर्मिनल दोनला उतरलात तर आधी टर्मिनल एकला यावं लागतं. ‘इस्मेतपाशा’ थांब्यावर उतरलं की घड्याळाचा मनोरा आणि जुन्या शहराचं तोंड पाच मिनिटांवर. ट्राममध्ये स्पर्श करून चालणारं बँकेचं कार्ड चालतं, तरी एक अंताल्याकार्ड जवळ असू द्यावं, कारण परदेशी कार्ड एखादं यंत्र नाकारतं आणि मागे रांग खोळंबते. टॅक्सीने आलात तर ‘उचकापिलार’ म्हणा, म्हणजे तीन दारं. कालेइचीच्या गल्ल्यांत बऱ्याच ठिकाणी गाड्यांना मज्जाव आहे. पुढे बॅग ओढत जायचं, तेही शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या दगडांवरून. लहान चाकांची बॅग इथे अडकते. पाठीवरची सॅक बरी.

ती तीन दारं म्हणजे हेड्रियनची वेस. रोमन सम्राट हेड्रियन इ.स. १३० मध्ये इथे आला, त्याच्या स्वागतासाठी बांधलेली. तीन सारख्या कमानी, चार खांब, आतल्या छताला चौकटी आणि प्रत्येक चौकटीत कोरलेलं फूल. कितीतरी काळ ही वेस पुढच्या तटाच्या भिंतीआड बुजलेली होती, म्हणून इतकी शाबूत राहिली. मधल्या कमानीखाली आता काचेची पायवाट आहे. तिथे थांबून खाली बघा. दगडी फरशीत गाड्यांच्या चाकांनी पाडलेले दोन खोल चर दिसतात. बहुतेक लोक वर बघत फोटो काढतात आणि हे चर पाहायचे राहतात.

दोन्ही बाजूंचे बुरूज एका वयाचे नाहीत. दक्षिणेकडचा रोमन. उत्तरेकडच्या बुरुजाचा खालचा भाग जुना आणि वरचा सेल्जुक या तुर्की घराण्यातल्या सुलतान अलाउद्दीन कैकुबादच्या काळातला. पडलेला दगड उचलायचा आणि पुढच्या भिंतीत लावायचा, ही या शहराची रीतच आहे. एकदा ती नजरेला पडली की सगळीकडे दिसू लागते. तटाच्या भिंतीत खांबाचा आडवा तुकडा सापडतो, एखाद्या घराच्या उंबऱ्याला ग्रीक अक्षरं असतात.

या रीतीचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे केसिक मिनारे, ‘तुटका मिनार’. मुळात इथे रोमन देऊळ होतं. सहाव्या शतकात तिथे चर्च झालं. सेल्जुकांनी १२०७ मध्ये शहर घेतल्यावर त्याची मशीद झाली. १३६१ मध्ये सायप्रसचा राजा पहिला पीटर याने अंताल्या जिंकलं तेव्हा पुन्हा चर्च, आणि तो गेल्यावर पुन्हा मशीद. १८९६ च्या आगीत मिनाराचं लाकडी टोक जळालं आणि त्यावरून हे नाव पडलं. अलीकडच्या जीर्णोद्धारात टोक परत बसवलं आहे, पण लोकांच्या तोंडी नाव ‘तुटका’च. नमाजाच्या वेळा सोडून आत जाता येतं. बायकांनी ओढणी जवळ ठेवावी आणि पुरुषांनी अर्धी चड्डी टाळावी.

यिव्लि मिनारे हे शहराचं बोधचिन्ह. तेराव्या शतकातला ३८ मीटर उंचीचा विटांचा मिनार, अंगावर आठ उभ्या पन्हळी. दुपारच्या उन्हात तो सपाट दिसतो. चारनंतर तिरपं ऊन आलं की प्रत्येक पन्हळीची सावली वेगळी होते आणि विटांमधे उरलेल्या निळ्या तुकड्यांचा रंग उठून दिसतो.

चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूता इथे आला होता. प्रत्येक समाजाची वस्ती स्वतःच्या वेगळ्या तटाआड आहे, असं त्याने लिहून ठेवलं. एका साध्या कपड्यातल्या माणसाने त्याला जेवायला बोलावलं. एवढ्या लोकांना हा काय खाऊ घालणार, असं बतूताला वाटलं. तो माणूस निघाला चांभार आणि ‘अखी’ नावाच्या कारागीर मंडळाचा प्रमुख, ज्याच्या मागे दोनेकशे माणसं होती. इथल्या सुकवलेल्या जर्दाळूंचंही बतूताने कौतुक केलं आहे. तोच पुढे हिंदुस्थानात आला आणि आपलं दौलताबादही पाहून गेला.

आतिथ्याची ती चाल अजून आहे. दुकानासमोर रेंगाळलात तर चहा पुढे येतो. छोट्या कमरेच्या काचेच्या पेल्यात, बिनदुधाचा. दोन मजली किटलीत वर कोरा अर्क आणि खाली उकळतं पाणी असतं. कडक हवा तर ‘देम्लि’, फिका हवा तर ‘आचिक’. पेला नेहमी काठाने धरायचा, बुडाशी बोट भाजतं.

संध्याकाळी हिदिर्लिक बुरुजापाशी जावं. रोमन काळातला १४ मीटर उंच गोल बुरूज, बहुधा कुणाची तरी समाधी. शेजारच्या काराआलिओलू बागेतून आखाताच्या पलीकडे बेय डोंगररांगेमागे सूर्य जाताना दिसतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला साडेसहाच्या सुमारास.

रात्री पियाज. तुर्कस्तानात इतरत्र पियाज म्हणजे पांढऱ्या वालासारख्या दाण्यांची साधी कोशिंबीर. अंताल्याचा पियाज वेगळा, त्यात ताहिनी म्हणजे तिळाची पातळ चटणी पडते. दाणे बारीक जातीचे, रात्रभर भिजवून मऊ शिजवलेले. ताहिनीत ठेचलेला लसूण, लिंबू, व्हिनेगर आणि मीठ. लिंबू पडताच ताहिनी घट्ट होऊन फाटल्यासारखी दिसते. घरी करणारे इथेच घाबरतात. थोडं थोडं गार पाणी घालून घोटत राहिलं की ती परत मऊ, पांढरी होते. मग दाण्यांवर ओतायची, वर टोमॅटो, कांदा, पार्सली, उकडलेलं अंडं आणि ऑलिव्ह तेल. अंडं नको असेल तर ‘युमुर्तासिझ’ म्हणावं.

खाण्यापिण्याचे शब्द इथेच देतो, पुढे लागतील. ‘दाना’ म्हणजे गायीगुरांचं मांस, ‘कुझू’ म्हणजे कोकरू, ‘तावुक’ म्हणजे कोंबडी. नुसतं ‘केबाब’ किंवा ‘कोफ्ते’ लिहिलेलं असेल तर कशाचं ते विचारा. ‘एत्सिझ’ म्हणजे बिनमांसाचं, पण मसुराच्या सुपात हाडांचा रस असू शकतो, म्हणून ‘एत सुयू वार मी?’ असं वेगळं विचारावं. शाकाहाऱ्यांना सगळ्यात भरवशाचा शब्द ‘झेयतिनयाअ्ली’, म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या. रस्त्यावर मिळणारं चिग कोफ्ते आता बहुतेक ठिकाणी मांसाविना, दलियाचं असतं. आणि बिल हवं तर ‘हेसाप’. आपलाच हिशेब.

दिवस दुसरा: समुद्र

कोन्याआल्तीचा किनारा शहराच्या पश्चिमेला, सात किलोमीटर लांब. वाळू नाही, गोटे आहेत. त्यामुळे पाणी काचेसारखं स्वच्छ, पण अनवाणी चालवत नाही. रबरी बूट घेतलेच पाहिजेत. दुसरी गोष्ट, तळ फार लवकर खोल होतो. पाच-सहा पावलांत पाणी छातीला येतं आणि परतताना पायाखालचे गोटे सरकतात. कोकणातल्या सपाट वाळूची सवय असलेल्यांनी आणि लहान मुलं बरोबर असलेल्यांनी लाराकडे जावं, तिथे वाळू आहे आणि उतार मंद आहे. दोन्ही किनाऱ्यांना जोडणारी केएल-०८ नंबरची बस सोयीची. ऑक्टोबरात पाणी अजून कोमट असतं, जुलै-ऑगस्टची दमट काहिली संपलेली असते.

कालेइचीतच पोहायचं असेल तर जुन्या बंदराशेजारी मेर्मेर्लिचा चिमुकला किनारा आहे, प्रवेशाला पैसे पडतात. बंदरातून बोटी निघतात. दर बोलून ठरतो, आणि किती वेळाची फेरी आहे ते निघण्याआधी नक्की करावं. लांबची फेरी घेतली तर खालचा द्यूदेन धबधबा समोरून दिसतो. अख्खी नदी चाळीसेक मीटरवरून सरळ समुद्रात पडते. वरच्या बागेतून तो असा समोरून दिसत नाही. बंदरातून वर यायला पायऱ्या आहेत, आणि चौकात नेणारी फुकट लिफ्टही.

जुन्या ट्रामने ‘म्युझे’ थांब्याला गेलं की पुरातत्त्व संग्रहालय. इमारतीचं काम निघालेलं असल्याने जाण्याआधी चालू आहे का ते बघावं. पेर्गे या जवळच्या प्राचीन शहरात सापडलेले पुतळे या संग्रहालयाचे आहेत. त्यातला दमलेला हेराक्लिस दोन तुकड्यांत होता. खालचा अर्धा इथे आणि वरचा बोस्टनच्या संग्रहालयात. २०११ मध्ये वरचा भाग परत आला आणि पुतळा पूर्ण झाला.

दिवस तिसरा: पेर्गे, आस्पेंदोस, सिदे

हा दिवस भाड्याच्या गाडीचा. तिन्ही ठिकाणं पूर्वेला डी-४०० या एकाच हमरस्त्याच्या आसपास आहेत, त्यावर टोल नाही. गाडी उजव्या बाजूने चालवायची असते. आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. एवढी ठिकाणं करायची तर भूमध्य भागाचा सात दिवसांचा म्युझियम पास स्वस्त पडतो. एकेकट्या तिकिटांचे दर परदेशी पाहुण्यांना आता जड जातात. गाडी नको असेल तर ट्रामने आक्सूपर्यंत जाऊन दोनेक किलोमीटर चालत पेर्गे होतं. सिदेला मुख्य बसस्थानकावरून मानावगातची मिनीबस आणि पुढे दोल्मुश, म्हणजे भरली की सुटणारी वडाप. आस्पेंदोस मात्र गाडीविना त्रासाचं.

पेर्गेला दार उघडताच पोचावं. सावली नाही आणि दहानंतर पांढरा दगड डोळ्यांवर येतो. दोन गोल बुरुजांच्या वेशीतून पुढे गेलं की वीसेक मीटर रुंद खांबांचा रस्ता, आणि त्याच्या मधोमध पाण्याचा पाट. हा पाट पेर्गेचा प्राण. उत्तरेच्या टोकाला टेकडीखाली कारंजं आहे. तिथे नदीदेव केस्त्रोस आडवा पहुडलाय, त्याच्या खालून पाणी पाटात यायचं. पाटात ठरावीक अंतरावर आडवे बांध आहेत. पाणी प्रत्येक बांधाआड साठायचं, भरलं की पुढच्यात पडायचं. त्यामुळे भर उन्हाळ्यात दोन्ही बाजूंच्या दुकानांसमोर गारवा आणि खळखळ. खाली वाकून बघितलं तर बांधांच्या कडा पाण्याने झिजलेल्या दिसतात.

वेशीच्या आतलं अंगण इ.स. १२० च्या सुमारास प्लांकिया माग्ना या बाईने नव्याने सजवलं. ती शहराच्या सर्वोच्च पदावर होती. इथेच जन्मलेला अपोलोनियस शांकवांचा अभ्यास करणारा. बारावीत विवृत्त, अन्वस्त आणि अपास्त शिकलेल्या प्रत्येकाचं त्याच्याशी नातं आहे, कारण एलिप्स, पॅराबोला आणि हायपरबोला ही नावं त्याचीच.

पेर्गे सोडल्यावर रस्त्याकडेच्या छपराखाली गोझ्लेमे खायला थांबावं. बाई जमिनीवर बसलेली, पुढे बुटका गोल पाट. लाटणं काठीसारखं बारीक आणि हातभर लांब. गोळा लाटता लाटता ती पोळी लाटण्यालाच गुंडाळते, तळव्यांनी बाहेरच्या बाजूला दाबत फिरवते, उलगडते, पाव वळसा देते आणि पुन्हा गुंडाळते. चार-पाच वेळा असं झालं की पोळी आरपार दिसेल इतकी पातळ. मग पालक आणि चीज किंवा बटाटा, चारी बाजूंनी घडी, आणि मधे फुगीर असलेल्या ‘साज’ नावाच्या लोखंडी तव्यावर. खानदेशात मांड्यांना खापर उपडं ठेवतात, आकार तसाच. भाजून झाल्यावर लोणी. मटणाची गोझ्लेमेही त्याच साजवर भाजतात, शुद्ध शाकाहारी असाल तर आधी सांगा.

आस्पेंदोसचं नाट्यगृह दुसऱ्या शतकातलं, मार्कस ऑरेलियसच्या काळातलं, झेनोन नावाच्या स्थपतीचं. रोमन नाट्यगृहांत रंगमंचामागची भिंत बहुतेक ठिकाणी पडलेली असते, इथे ती पूर्ण उंचीने उभी आहे. कारण परत तेच, वापर. सेल्जुकांनी इमारत दुरुस्त करून निवासाला घेतली, म्हणून ती ढासळली नाही. भिंतीवर त्यांच्या लाल नागमोडी रंगाचे अवशेष शोधले तर सापडतात. सगळ्यात वरच्या ओळीत बसावं. खाली मधोमध कुणी नाणं टाकलं तरी ऐकू येतं. पायऱ्या उंच आहेत, उतरताना गुडघ्यांना कळतात.

बहुतेक गाड्या इथूनच मागे फिरतात. तसं करू नये. किलोमीटरभर उत्तरेला शेतांमधे पाणीपुरवठ्याचे कमानदार खांब आणि दोन मनोरे उभे आहेत. डोंगरातलं पाणी भोकं पाडलेल्या दगडांच्या बंद नळातून खोऱ्यात उतरायचं आणि स्वतःच्याच दाबाने पलीकडे टेकडीवर चढायचं. जिथे नळ वळतो तिथे मनोरे. आसपास कापसाची शेतं, माणूस नाही, तिकीटही नाही.

सिदेला पाचच्या आधी पोचायचं. गाडी जुन्या गावाबाहेर लावावी लागते. अपोलोच्या देवळाचे पाच खांब समुद्राच्या अगदी काठावर, आणि मावळतीला तिथे खूप गर्दी. ‘सिदे’ म्हणजे इथल्या लुप्त भाषेत डाळिंब, जुन्या नाण्यांवरही डाळिंब आहे. ऑक्टोबरात गाड्यांवर डाळिंबाचे ढीग असतात. लिव्हरच्या यंत्रात अर्धं फळ दाबून रस काढतात. सालीसकट दाबल्याने तो जरा तुरट लागतो, पण थकलेल्या माणसाला तोच हवा असतो.

दिवस चौथा: तेर्मेसोस

सकाळी दक्षिणेचा दमट गरम वारा सुटला. त्याला इथे ‘लोदोस’ म्हणतात. किनाऱ्यावर लाल बावटे लागले, बोटी बंद. अशा दिवशी डोंगर गाठावा.

तेर्मेसोस अंताल्यापासून तीसेक किलोमीटर वायव्येला, गुल्लुक डोंगरावर, हजार मीटरच्या वर. बस राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी सोडते आणि तिथून वाहनतळ नऊ किलोमीटर चढावर आहे, म्हणून गाडी किंवा परतीसाठी थांबणारी टॅक्सी हवी. वर दुकान नाही, पाणी नाही. माणशी दोन लिटर पाणी, पकड असलेले बूट, खाऊ. वाहनतळापासून नाट्यगृहापर्यंत पाऊण तास, सगळं मिळून चार तास धरावेत.

सह्याद्रीत फिरणाऱ्याला हे ठिकाण लगेच आपलंसं वाटतं. चिंचोळी वाट, तिला अडवणारी तटाची भिंत, वळणावर अचानक समोर येणारा दरवाजा. इ.स.पू. ३३३ मध्ये सिकंदर इथे येऊन थांबला आणि गड न घेताच पुढे गेला. इथे फारसं उत्खनन झालेलं नाही. भूकंपात दगड जसे कोसळले तसेच झाडांमधे पडलेत. टाक्याही आहेत, पाच दालनांचं एक मोठं टाकं तर वाकून बघण्यासारखं. जपून मात्र, काही टाक्यांची तोंडं उघडीच आहेत आणि झुडपांत दिसत नाहीत. पायवाट सोडायची नाही.

नाट्यगृह दरीच्या तोंडाशी. त्या दिवशी खालून ढग चढत होते आणि वरच्या पायऱ्यांवरून रंगमंच पाच मिनिटं नाहीसा व्हायचा, मग पुन्हा दिसायचा. उतरताना कबरस्तानाची वाट धरावी. शेकडो दगडी शवपेट्या फुटलेल्या, झाकणं कलंडलेली. खडकात एका घोडेस्वाराचं शिल्प आहे. ते सिकंदराचा सरदार अल्केतास याच्या थडग्यावरचं मानतात. तो इ.स.पू. ३१९ मध्ये इथे आश्रयाला आला. शहराच्या वडीलधाऱ्यांनी त्याला शत्रूच्या हवाली करायचं ठरवलं, तेव्हा त्याने जीव दिला. तरुणांनी त्याला मानाने पुरलं.

संध्याकाळी कालेइचीत गडगडाटासह पाऊस. अर्ध्या तासात गल्ल्यांतून लोंढे वाहू लागले. ओल्या गुळगुळीत फरशीवर उतारावर चपलांनी चालू नये.

दिवस पाचवा: फासेलिस आणि जळता दगड

लोदोस ओसरला आणि समुद्र शांत झाला. फासेलिस दक्षिणेला पंचावन्नेक किलोमीटर. पाइनच्या रानात तीन बंदरांचं शहर, मागे २,३६५ मीटरचा ताहताली. एका बंदरापासून दुसऱ्या बंदरापर्यंत सरळ फरसबंदी रस्ता, दोन्ही बाजूंना स्नानगृहं आणि दुकानं. पोहण्याचा चष्मा न्यावा. पाण्यात जुन्या धक्क्याचे घडीव दगड दिसतात. त्यांच्या फटींत काटेरी समुद्री अर्चिन असतात, हात टेकू नये.

अंधार पडायच्या बेताला चिरालीच्या मागचा यानार्ताश. तिकीटघरापासून पायऱ्यांची चढण, अर्ध्या तासाची. उघड्या खडकातून मिथेनच्या ज्वाळा येतात, हजारो वर्षांपासून. फुंकर मारून एखादी विझवली तरी जरा वेळात परत पेटते. टॉर्च प्रत्येकाकडे हवा, उतरताना पायऱ्या उंचसखल आहेत.

निघायच्या सकाळी बाजारातून ‘तुरुन्च’ म्हणजे कडू संत्र्याच्या सालीचा मुरांबा घ्यावा. रस्त्याकडेला जी संत्र्याची झाडं दिसतात ती हीच, फळ तोडून खाल्लं तर तोंड कडू होतं. साली बरेच दिवस पाणी बदलत भिजवून कडवटपणा काढतात, मग गुंडाळून दोऱ्यात ओवून पाकात शिजवतात. बरणी फडक्यात गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत ठेवा. हातातल्या बॅगेत असेल तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात.